शेठच्या वजनाचे धोंडे

आमचं किराणा मालाचं दुकान महाडात नदीकडच्या आळीत आहे, सासऱ्यांपासूनचं. या दुकानाच्या तराजूत आजवर तांदूळ, गूळ, खोबरं, सुकी मासळी असं काय काय बसलं. एकदा तर एका शेजारणीने भांडणाच्या तिरमिरीत नवऱ्याच्या कपड्यांचं गाठोडं आणून टाकलं होतं, बोहारणीला द्यायच्या आधी अंदाज घ्यायला. पण एका पारड्यात तान्हं मूल आणि दुसऱ्या पारड्यात नदीतले धोंडे, हा प्रकार फक्त आमच्या शेजारच्या धाकूनानांनी केला. बरं, एकदा करून थांबावं की नाही? महिन्याच्या महिन्याला, वर्षभर.

नाव धाकू, पण माणूस आमच्या दारातून आत येतो तो मान वाकवून. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांचं गाव. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेले आणि तिथल्या बाजारात, गोदामातून ट्रकात आणि ट्रकातून गोदामात पोती वाहण्यात उभा जन्म काढला. पाठ थकली तेव्हा इंदूकाकूंना, म्हणजे बायकोला घेऊन आमच्या शेजारी राहायला आले. गावात डॉक्टर नाही आणि मुंबईत काकूंचा जीव घुसमटतो, म्हणून महाड.

पोती सुटली, पण उचलण्याची खोड काही सुटली नाही. जगातली कुठलीच गोष्ट नानांना नुसती बघून पटत नाही, ती हातात घ्यावी लागते. कलिंगड, गॅसचा सिलिंडर, गणपतीची मूर्ती, काहीही. "उचलून बघ, मग बोल," हे त्यांचं पालुपद. आळीत कुणी म्हणालं की अमक्याची सून फार गुणाची, तरी नाना विचारणार, "उचलून बघितली काय?" मग काकू डोळे वटारणार आणि नाना विडीचं बंडल शोधायच्या निमित्ताने उठून जाणार.

पाहुणा आला की त्याला पाणी देण्याआधी त्याची बॅग हातात घेतात, दोनदा खालीवर करतात आणि आत काय आहे ते सांगून मोकळे होतात. यातलं बहुतेक चुकतं. माझा भाऊ आला तेव्हा बॅगेत काजू आहेत म्हणून अर्ध्या आळीला सांगून आले. बॅगेत निघाली त्याची इस्त्री. पण चुकल्याचं त्यांना काही वाटत नाही. काजू असते तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाले.

त्यांची एकुलती एक लेक वैशाली. तिला बघायला संदेश आला तेव्हाची गोष्ट तर आळीत अजून सांगतात. कांदेपोहे परतले जात होते तेवढ्यात नानांनी मुलाला मागल्या दारी नेलं, तांदळाचं पोतं दाखवलं आणि म्हणाले, जरा एवढं माळ्यावर चढवा, माझी पाठ धरलेय. पाठबिठ काही धरली नव्हती. संदेश जहाजावर फिटर. त्याने मुकाट्याने पोतं चढवलं आणि डोक्यावर कोंडा, शर्टाला घाम अशा अवतारात पोहे खायला बसला. वैशालीने त्याच अवतारात त्याला पसंत केलं. लग्न झालं, नालासोपाऱ्यात संसार थाटला, दिवस राहिले आणि पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली. ती आली आणि संदेशला जहाजावर बोलावणं आलं. करार संपेपर्यंत परत येणं नाही. म्हणजे बाळ जन्मणार, पालथं पडणार, रांगणार, आणि बाप तिकडे पाण्यावर. वैशालीने तिकडची खोली सोडली आणि वर्षभर इथेच राहायचं ठरवलं.

दवाखान्यात बाळ झालं तेव्हा मी काकूंबरोबर होते. नर्सने बाहेर येऊन मुलगा झाल्याचं सांगितलं, पेढ्याचं विचारलं. नानांचं तिकडे लक्षच नाही. त्यांनी आधी हात पुढे केले. बाळ हातात आलं आणि हा पोती वाहिलेला माणूस भिंतीला टेकून उभा राहिला, कुणाला देईना. काकूंनी दोनदा मागितलं. शेवटी नाना एवढंच म्हणाले, "हलका हाय." आणि बाळ देऊन टाकून बाहेर गेले.

बाळाचं नाव वेदांत ठेवलं, पण नाना त्याला शेठ म्हणतात. बाजारात गादीवर बसून राहतो आणि दुसऱ्यांना पळायला लावतो तो शेठ, असा त्यांचा हिशोब. त्या हिशोबाने नाव चपखल बसलं.

शेठ महिन्याचे झाले त्या दिवशी नाना दुकानात आले. एका हातावर शेठ, दुसऱ्या हातात सावित्री नदीतून आणलेल्या धोंड्यांची पिशवी. आमच्याकडे गल्ल्याजवळ बॅटरीचा काटा आहे, पण मागे वाशाला साखळीने सासऱ्यांच्या वेळचा जुना तराजू अजून टांगलेला आहे, घमेल्याएवढ्या पारड्यांचा. नाना थेट तिकडे गेले. पारड्यात दुपटं घातलं, त्यावर शेठना ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात एकेक धोंडा ठेवू लागले. मी म्हटलं, अहो नाना, हा काटा आहे ना, लगेच आकडा येईल. नाना मला शेठाणी म्हणतात. म्हणाले, "शेठाणी, आकडा हातावर घेता येतो काय?"

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. संदेश येईल तेव्हा पोर वर्षाचं झालेलं असणार. एकदम वर्षाचं पोर त्याच्या हातावर ठेवायचं, हे काय बरोबर नाही. मधले सगळे महिने बापाला उचलायला मिळाले पाहिजेत. म्हणून दर महिन्याला शेठच्या वजनाचे धोंडे बाजूला काढून ठेवायचे. बाप आला की ते एकेक करून त्याच्या हातावर द्यायचे.

मी कपाळाला हात लावला. अहो, तो रोज मोबाइलवर बघतो ना पोराला! वैशाली रोज व्हिडिओ कॉल करते. जहाजाला रेंज असली की शेठ त्याला अगदी नाकाएवढे मोठे दिसतात. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझं बोलणं पोरकट वाटलं. "मोबाइलात सगळी पोरं एकाच वजनाची," ते म्हणाले.

धोंडे मात्र गुळगुळीत पाहिजेत. कंगोऱ्याचा एखादा आला की बाजूला काढायचे. उचलणाऱ्याला टोचता कामा नये, म्हणायचे. त्यासाठी नदीच्या पात्रात उन्हातान्हात फिरून, एकेक धोंडा हातात घेऊन, पुसून पिशवीत टाकत. लोक विचारत, नाना, घर बांधताय की काय? नाना म्हणत, शेठचं काम हाय. लोकांना वाटे कुणा बिल्डरकडे लागले.

इंदूकाकूंचा या प्रकाराला सक्त विरोध. मूल तराजूत घालू नये, नजर लागते, असं त्यांचं म्हणणं. दुकानासारख्या चव्हाट्यावर तर मुळीच नाही. पण नाना ऐकतील तर ना. मग काकूंनी त्यावर आपला तोडगा काढला. वजन झालं की मीठमोहऱ्या आधी शेठवरून उतरवायच्या आणि मग धोंड्यांवरूनही उतरवायच्या. धोंडे शेठच्या वजनाचे, तेव्हा त्यांनाही नजर लागायचीच. एवढ्यावर थांबल्या नाहीत. शेठच्या गालाला काजळाचं बोट लावलं की तेच बोट प्रत्येक ढिगातल्या एका धोंड्याला लावायच्या. आणि नवऱ्याला वेडा म्हणायच्या.

शेठ मोठे व्हायला लागले तसं ते पारड्यात राहीनात. आधी साखळी धरून ओढू लागले, मग पारड्यात उभे राहू लागले. एका महिन्यात मी गप्प बसवायला हातात बिस्कीट दिलं, तर नानांनी वजन थांबवलं, बिस्किटाच्या वजनाचा बारकासा खडा शोधून पलीकडे टाकला आणि वजन झाल्यावर तेवढा खडा ढिगातून बाजूला काढला. दुसऱ्या एका महिन्यात काटा बरोबर मध्ये आला आणि नेमकी त्याच वेळी शेठनी पारड्यातच शू केली. दुपटं भिजलं, पारड्यातून धार सांडली. मी गुळाच्या ढेपा सरकवतेय, माझे यजमान फडकं शोधताहेत, आणि नाना शांतपणे म्हणताहेत, थांबा, एक धोंडा कमी करायला लागंल.

हे ढीग नाना घरामागे पेरूच्या झाडाखाली ओळीने मांडत. आता तुम्हीच सांगा, झाडाखाली गुळगुळीत धोंडे, ओळीने मांडलेले, त्यातल्या एकेकाला काजळ लावलेलं. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो? शिमग्यात पालखी आळीत आली. बायका पालखीबरोबर दारोदार फिरत होत्या. त्यातल्या दोघी-तिघी पाणी प्यायला नानांच्या मागल्या दारी गेल्या आणि त्यांनी हे बघितलं. नानांनी गावाकडचे देव इथे आणून बसवले आणि आपल्याला पत्ताही नाही! झालं. सकाळी बघतो तर प्रत्येक ढिगावर हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि तिसऱ्या महिन्यापुढे फोडलेला नारळ.

नाना घाबरले. कारण पूजा झालेला धोंडा हलवायचा नसतो, आणि हे सगळे तर पुढे उचलायचे होते. बायका ऐकेनात. एकीच्या मुलीचं लग्न ठरत नव्हतं, ते नेमकं त्याच आठवड्यात ठरलं, मग तर बघायलाच नको. शेवटी नाना शेठना घेऊन झाडाखाली उभे राहिले आणि आळीतल्या सगळ्या बायकांना बोलावून सांगितलं, की हा देव नाय, हा माझा नातू हाय, महिन्या-महिन्याचा. वाटल्यास ह्यालाच कुंकू लावा. एकीने खरंच लावलं. पुढे बरेच दिवस मागल्या दारी अधूनमधून एखादं फूल दिसायचं, नाना ते उचलून शेठच्या कानात खोचायचे.

मग पावसाळा आला. आमच्या आळीत पाणी शिरणं नवीन नाही. नदी चढली की प्रत्येकाला आपलं काम ठाऊक असतं. आमच्या दुकानावर माडी आहे. पाणी येतंय म्हटलं की नाना आधी आमची साखरेची, डाळीची पोती वर चढवून देतात आणि मग आपलं सामान आणतात. त्या दिवशी सकाळपासूनच पाणी पायरीला लागलं. काकू, वैशाली आणि शेठ माडीवर आले. नानांनी आमची पोती चढवली. मग घरी गेले, आणि परत आले ते दोन्ही हातांत धोंडे घेऊन.

माझे यजमान जिन्यावरून ओरडले, "नाना, टीव्ही आणा!" नाना धोंडे ठेवून परत गेले आणि परत धोंडेच घेऊन आले. समोरच्या माडीवरून लोक बघत होते. पूर येतोय, लोक फ्रिज उचलताहेत, गाद्या उचलताहेत, आणि हा माणूस गुडघाभर पाण्यातून दगड वाचवतोय. कुणीतरी हसून म्हणालं, नाना, दगड वाहून जात नसतात हो! मीही चिडले. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, वय काय तुमचं, पाय घसरला म्हणजे?

तेवढ्यात इंदूकाकू ताडताड जिना उतरल्या. मला वाटलं, आता नानांना हाताला धरून वर आणतील. पण त्यांच्या काखेत शेठना आखूड झालेली झबली, दुपटी, टोपडी असा सगळा गठ्ठा होता. तशाच पाण्यात उतरल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आसं सुटं नका नेऊ. महिने मिसळतील."

मग दोघांनी पाण्यात उभं राहून एकेक ढीग एकेका दुपट्यात बांधला. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मीही पदर खोचून खाली उतरले. गाठोडी वर आली तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं. एकही महिना खाली राहिला नाही. टीव्ही राहिला.

माडीवर भिंतीशी ती गाठोडी ओळीने ठेवलेली. नाना ओल्या कपड्यांनी खिडकीशी उभे. माझ्या जिभेला हाड नाही, मी म्हटलं, नाना, दवाखान्याच्या कार्डावर दर महिन्याचं वजन आहे. पाणी ओसरल्यावर कुठलेही धोंडे घेऊन परत तोलता आले असते की. नाना म्हणाले, "ते उसने झाले. ह्यांनी शेठला तोललाय." आणि परत पाण्याकडे बघत राहिले.

काकूंनी मला बाजूला बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. वैशाली झाली तेव्हा नाना मुंबईला होते. त्या वर्षी गोदामात माणसं कमी, मुकादमाने ना गणपतीला सोडलं ना दिवाळीला. काकूंनी महाडात येऊन वैशालीचा फोटो काढून पाठवला होता. पण त्यांच्याच गावचा एक गडी नानांबरोबर कामाला होता, त्याने नंतर गावी आल्यावर काकूंना सांगितलं. दुपारी जेवायच्या सुट्टीत नाना गोदामातली एखादी लहानशी पिशवी, साबुदाण्याची नाहीतर कसली, अशी हातावर आडवी घ्यायचे आणि बाकीच्यांना विचारायचे, पाच महिन्यांची पोर एवढी आसंल काय रे? सगळे हसायचे. पुढल्या महिन्यात त्याहून मोठी पिशवी शोधायचे. शेवटी पुढच्या शिमग्याला घरी आले तर पोर चालायला लागलेली. त्यांनी उचललं, तर तिने आकांत मांडला. त्यांनी खाली ठेवली, आणि मग सुट्टी संपेपर्यंत काही तिला उचललं नाही. भीती बसली म्हणे, परत रडेल याची. तो फोटो मागच्या मोठ्या पुरात गेला. काकूंना केवढं वाईट वाटलं. नाना म्हणाले होते, जाऊं दे, त्याला वजन कुठं व्हतं.

"जल्मभर लोकांचं वजन उचललं," काकू म्हणाल्या. "आपल्या पोरीचं तेवढं ऱ्हायलं."

वैशाली तिथेच शेठना मांडीवर घेऊन बसली होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं. ती शेठच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिली. मला मात्र रडू आलं, आणि एवढा वेळ त्यांना काय काय बोलले ते आठवून अजूनच आलं.

शेठचा पहिला वाढदिवस झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत संदेश आला. मी तिथेच होते, आळीतलं असं काही मी सोडत नाही. संदेश दारात बूट काढतानाच हात पसरून पुढे आला. शेठनी त्याच्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. नानांच्या मानेत तोंड खुपसलं ते बाहेर काढीनात. रोज मोबाइलात बघून ज्याला हसायचे, तोच माणूस समोर हाडामांसाचा उभा राहिला तर ओळख नाही. खेळणं दाखवलं, चॉकलेट दाखवलं. काही उपयोग नाही. संदेश हसत होता, पण त्याचा चेहरा पडला होता. सगळे म्हणाले, होईल सवय. त्याने मान डोलावली आणि पुढे केलेले हात खिशात घातले.

नानांनी ते बघितलं. शेठना काकूंकडे दिलं आणि आत गेले. "बसा जावयबापू," बाहेर येत म्हणाले. हातात सगळ्यात लहान गाठोडं. संदेश ओटीवर बसला. त्याला वाटलं, काहीतरी भेट असेल.

"मांडीवर नको. हातावर घ्या," नाना म्हणाले. "हा पयला महिना."

संदेशला धोंड्यांचं माहीत होतं, वैशालीने फोनवर हसत हसत सांगितलं होतं. तोही हसला. पण दोन्ही हातांवर ते दुपट्यातलं वजन आलं आणि त्याचे हात आपोआप झुकले, बाळाचं डोकं असतं त्या बाजूला कोपर वर झालं. त्याचं हसू थांबलं. नानांनी ते घेतलं आणि दुसरं दिलं. मग तिसरं. बरोबर एकेक गोष्ट सांगत होते. ह्यात मान धरली. ह्यात पालथा पडला, आणि परत उलटायला येईना म्हणून रडला. ह्यात त्याला सर्दी झाल्ती, म्हणून वजन मागल्या महिन्याएवढंच हाय, बघा. ह्यात दात आला आणि मला चावला. संदेश एकेक गाठोडं घेत होता, थोडा वेळ तसंच धरून ठेवत होता. एका गाठोड्याला तर त्याने नकळत थोपटलं.

शेठ काकूंच्या कडेवरून बघत होते. रडणं केव्हाच थांबलं होतं. हा अनोळखी माणूस आपलं निळं झबलं हातावर घेऊन बसलाय, आपल्या पिवळ्या दुपट्याला थोपटतोय, आणि आपल्याकडे कुणी बघतसुद्धा नाही, हे शेठना काही पसंत पडेना. त्यांनी अंग टाकून दिलं, तशी काकूंनी खाली सोडलं. भिंत धरत, मग हात सोडून, डुगडुगत ओटीपर्यंत गेले. संदेशच्या हातावर शेवटचं गाठोडं होतं. शेठनी दोन्ही हातांनी ते ढकलून दिलं आणि त्या जागी स्वतः चढून बसले.

संदेशने शेठना छातीशी धरलं आणि तो उभा राहिला. धोंडे ओटीवर घरंगळत गेले. संदेश रडत होता, शेठ त्याच्या शर्टाचं बटण ओढत होते. नाना खाली वाकून धोंडे गोळा करायला लागले.

"राहू देत नाना," वैशाली म्हणाली. तिने पहिल्या महिन्याचं गाठोडं उचललं आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "हात करा."

नानांना कळेना. त्यांनी हात पुढे केले. तिने ते गाठोडं त्यांच्या हातावर अलगद ठेवलं.

"ही मी," ती म्हणाली. "पहिल्या महिन्यातली."

काकूंनी तोंडाला पदर लावला. नानांच्या हातात काही आलं की ते दोनदा खालीवर करून वजन सांगणार, ही त्यांची जन्माची सवय. या वेळी हात हललेच नाहीत. ते गाठोड्याकडे बघत राहिले, मग लेकीकडे. मला वाटलं, दवाखान्यात म्हणाले होते तसंच काहीतरी म्हणतील.

"जड हाय गो," नाना म्हणाले.

काकू चहा टाकायला आत गेल्या, संदेश शेठना घेऊन अंगणात गेला. चहा झाला, कप उचलले, दिवे लागायची वेळ झाली, तरी नानांनी ते गाठोडं खाली ठेवलं नाही.